खालच्या ओळीतला निरोप

औरंगाबाद
२० जानेवारी १९९४

बन्सी,

तू सांगितल्यापरमाणं वर जय भीम लिहिलं नाय आणि पाकिटाच्या मागं नाव टाकलं नाय. तुझ्या ऑफिसात पत्र कुणाच्या हाती पडंल सांगता येत नाय म्हणलास, तर ते पाळलं. पत्ता चंपाकडून इंग्रजीत लिहून घेतला. बाकीचं मीच लिहिते. चौथीची शाळा, अक्षर असंच येणार. वाचून घे.

चंपाला कंपनीनं घरी बसवलंय. हे आधीच सांगते, मागून सांगितलं तर तू पत्र अर्धं वाचून ठेवशील. चौकशी करणार म्हणतात. तिच्यावर ठपका आला की नोकरी गेली, आणि वाळूजला दुसरी कुठली कंपनीही दारात उभी करणार नाय. सगळ्या साहेबांचे एकमेकांना फोन असतात.

झालं ते असं. आमच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका वायरीनं जोडलेत. तुला काय सांगायचं, तुझा धंदाच तो. त्या वायरीवरून ही पोरं कामाचं कमी आणि गप्पांचंच जास्त पाठवतात. मी कॅन्टीनातून चहाची किटली घेऊन वर आले की चंपा तिच्या मशीनवर एक ओळ टाकायची, चहा आला. सगळ्यांच्या पडद्यावर खालच्या ओळीत ती उमटायची, पीक करून आवाज व्हायचा, आणि एकेक जण कप घेऊन उठायचा. त्याच्या आधी मला टेबलाटेबलाला फिरावं लागायचं. आज भजी हायेत. मोठे साहेब खाली उतरले. किती झाले रन. दिवसभर हेच. मोतीराम ऑपरेटरचं लगीन ठरलं तवा पोरांनी सगळ्या पडद्यांवर शुभमंगल सावधान टाकलं होतं. कॅन्टीनातली आमची सुगंधाबाई, ती पाचोडची मेंढरंवाली, एकदा वर आली आणि म्हणली, "पारूबाई, त्या डब्यात भानामती हाय का गं? हिकडं पोरगी बोटं हालवती अन् तिकडं बाप्या हसतो." मोठे साहेब सुद्धा पाठवायचे. कुणी कुणाला बोललं नाय.

संक्रांतीचा दिवस होता. सकाळपासून तिळगुळ घ्या, तिळगुळ घ्या चाललेलं. दिवस कलायच्या आधी कुणाचा तरी फोन आला की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. बन्सी, त्या नावापायी आपलं घर जळालं तवा तू माझं लुगडं धरून ढेकळातून पळत होतास आणि चंपा कडेवर होती. तिला ते आठवत नाय. पण आठवलं असतं तर जेवढा आनंद झाला असता तेवढा तिला झाला. तिनं लिहिलं, जय भीम, नाव लागलं. हिशोबाच्या खोलीत आपल्यातली एक पोरगी आहे, तिला एकटीला पाठवायचं होतं. पण बोटाला चहाची सवय. चहा सगळ्यांना जातो, तसा हाही सगळ्यांना गेला.

गावात गडबड होईल म्हणून कंपनीनं बस लवकर सोडली. बस सुटायची कुणकुण लागताच मोतीराम ट्रकांची चलनं छापायला मशीन लावून बसमध्ये जाऊन बसला होता. निरोप आला की मशीन तिथंच थांबतं, कुणी येऊन दोन बटणं दाबीपर्यंत पुढं जात नाय. दाबायला कुणी नव्हतं. रातभर चलनं छापली नायत, ट्रक गेटावर उभे, आणि पुढच्या कंपनीत माल पोचला नाय म्हणून तिथलं काम बंद. मोठे साहेब सकाळी आले ते लाल होऊन. म्हणले, मुद्दाम केलं. राजकारण करायला कंपनीचं मशीन वापरलं.

मुद्दाम कशाला करील ती. तुझ्या कंपनीच्या कागदावर एवढंच लिहून पाठव की कुणाचाही निरोप आला तरी मशीन थांबतं. चहाचा आला तरी थांबतं. तुझं त्यांना पटंल. आमचं पटत नाय.

तुझी माय


औरंगाबाद
३ फेब्रुवारी १९९४

बन्सी,

पोस्टमनला मी विचारत नाय. तो आपणहून मान हालवतो.

तुझा बा रोज विचारतो, "लिहून झालं का तुझ्या पुणेकराचं?" भिंतीला गिलावा करून येतो, हातपाय धुतो, आणि पहिलं हेच. मी म्हणते, काम असंल त्याला. तो म्हणतो, "काम लई हाय त्याला. आडनाव घासून घासून गुळगुळीत करायचं म्हंजे येळ लागतो." हिवराळेचा तू हिवरकर झालास, पण तो कधी हिवरकर म्हणत नाय. लग्नाची पत्रिका लगीन झाल्यावर आली, ती त्यानं पत्र्याच्या फटीत खोचून ठेवलीय, तिथून वारा येत होता.

ते जाऊ दे. नवीन कळलंय ते सांगते.

मोतीराम मला शहागंजात भेटला. बायकोला बांगड्या घेत होता. मला बघून दुसऱ्या गल्लीत वळायला लागला, पण मी हाक मारली. मला लाज नाय कशाची.

"मोतीराम, तुझ्या पोटात काय हाय ते सांग," म्हणलं. "तू नजर चोरतोस."

बायकोला दुकानात बसवलं आणि मला म्हशीदीच्या भिंतीकडं घेऊन गेला. म्हणला, "मावशी, सकाळी मशीनसमोर पहिला मीच आलो. खालच्या ओळीत चंपाचा निरोप नव्हता."

"मग कुणाचा होता?"

"मोठ्या साहेबांचा. तिळगुळ घ्या, बस लवकर सुटणार आहे, असा. मी बटणं दाबली, तो गेला, मग मागून चंपाचा आला."

मला तुझं ते नळाचं आठवलं. तू तुझ्या पहिल्या पगाराच्या दिवाळीला आलतास तवा चंपाला समजावत होतास. म्हणलास, हे आपल्या नळासारखं हाय. पहिली हंडी सरकल्याशिवाय दुसरी लागत नाय. पहिला निरोप मशीन अडवतो, बाकीचे त्याच्या मागं उभे राहतात. मी चुलीपुढं बसून ऐकत होते आणि मनात म्हणलं, पोरगं पुण्याला गेलं पण नळावरचं विसरलं नाय.

म्हणजे मशीन साहेबांच्याच निरोपानं थांबलं होतं. आपल्या पोरीची हंडी मागं होती.

मी मोतीरामला म्हणलं, चौकशीत हे सांग. त्यानं हात जोडले. "मावशी, मी मशीन सोडून बसमध्ये बसलो होतो. साहेबांनी मला पांघरूण घातलं. आता त्यांचंच पांघरूण मी ओढू का?"

"अन् माझी पोरगी उघडी पडली तर चालंल?"

बायको बांगड्या भरून बाहेर आली, हिरव्यागार. मला हात दाखवून म्हणली, "चांगल्या दिसतात का वो?" काय सांगणार तिला. चांगल्या दिसत होत्या.

कंपनीनं एक कागद पाठवला होता. चंपानं लिहून द्यायचं की मी मुद्दाम केलं, माफी असावी. म्हणजे राजीनामा घेऊन सोडतील, कुठं बोभाटा करणार नायत. चंपा म्हणली, "चुकून सगळ्यांना गेलं असं लिहिते. मुद्दाम केलं असं नाय लिहिणार." मी तिला म्हणलं, लिही आणि मोकळी हो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी भाकरी थापायला लागले.

तर आता तू एवढंच लिहायचं. पहिला निरोप मशीन थांबवतो. पहिला कुणाचा, ते त्यांना त्यांचं शोधू दे. तुझं नाव खाली टाकू नको हवं तर, नुसता शिक्का मार. चंपा तुझी कोण लागती हे कुणी विचारणार नाय. हिवराळे आणि हिवरकर, कुणाच्या ध्यानात येतं.

तुझी माय


औरंगाबाद
२२ फेब्रुवारी १९९४

बन्सी,

तुझं पत्र आलं. दोन ओळींचं, टाईप केलेलं, पण आलं. "थोडं थांबा. मी बघतो." खाली सही नाय, पण मी ओळखलं. चंपाला दाखवलं तर तिनं दोनदा वाचलं. दोन ओळी दोनदा वाचायला काय लागतं, पण ती बराच वेळ धरून बसली. बानं हातात घेतलं नाय. बोलला पण नाय काही, आणि त्याच्या मानानं ते लई झालं.

चौकशी झाली. मी त्या खोलीत चहा घेऊन गेले, म्हणून थोडं ऐकलं. तीन खुर्च्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. चंपानं पांढरा ड्रेस घातला होता, तुझ्या पैशातून घेतलेला. पाय खुर्चीखाली ओढून बसली होती, शाळेत बसायची तशी.

मुंबईच्या ऑफिसातून आलेला एक साहेब म्हणला, "जय भीम हा कंपनीच्या कामाचा निरोप आहे का?"

चंपा म्हणली, "नाही सर."

"मग पाठवला कशाला?"

"तिळगुळ हा कामाचा निरोप असतो का सर?"

मोठे साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. मुंबईच्या साहेबानं खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, पोरीचं बरोबर आहे म्हणून लिहीत असंल. नंतर कळलं, उद्धट उत्तर दिलं असं लिहिलं. मी कप ठेवायला वाकले होते, थोडा चहा बशीत सांडला. तो साहेब म्हणला, "सावकाश, सावकाश."

सुगंधाबाई कॅन्टीनात माझी वाट बघत उभी होती. तिला सांगितलं तर म्हणली, "तुमचं नाव लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला बी पेढा दिला होता चंपानं. आम्ही कुठं तुमचे दुश्मन हाय गं. पण माझं कोण ऐकतं, मी मेंढरामागून आलेली." कांदे कापत होती, म्हणून डोळ्यात पाणी, का तसंच, मी विचारलं नाय.

आता खरी बात. निकाल लावायच्या आधी पुण्याहून कॉम्प्युटरचा माणूस बोलवणार आहेत. मशीन कशानं थांबलं ते तो सांगणार, आणि हे गप्पांचे निरोप बंद करता येतात का तेही बघणार. फोन कुठल्या कंपनीला गेलाय ते मोतीरामनं सांगितलं, ती तुझीच निघाली.

तू येशील का दुसरा कुणी येईल? दुसरा आला तर त्याला पाठवायच्या आधी सांगून ठेव. तूच आलास तर घरी आला नायस तरी चालंल. मी चहा घेऊन येतेच वर. तेवढं बघणं झालं तरी पुरं. मी काही बोलणार नाय. तू नुसतं त्यांना नळाचं सांग, तुझ्या भाषेत.

पाऊस नाय, पण भावसिंगपुऱ्याच्या रस्त्याला खड्डे आहेत ते आहेतच. आलास तर रिक्षानं ये.

तुझी माय


औरंगाबाद
९ मार्च १९९४

जय भीम बन्सी,

तू आलास.

मला सकाळीच कळलं होतं, गेटावरच्या वहीत नाव लिहिलेलं सखाराम वॉचमननं वाचून दाखवलं. हिवरकर, पुणे. सुगंधाबाई म्हणली, "ताप हाय का गं?" मी म्हणलं, चुलीपुढं उभी हाय म्हणून.

आलं किसून घातलं. तुझ्यासाठी साखर जास्त टाकली, वेगळ्या कपात, कान तुटलेल्या कपाच्या शेजारी ठेवला म्हणजे अदलाबदल होणार नाय. लहानपणी डब्यातली साखर बोटाला लावून खायचास.

केबिनचं दार ढोपरानं उघडलं. तू मोठ्या साहेबांच्या शेजारी बसला होतास, गळ्यात तो पट्टा बांधून. अंगानं भरलायस. बरं वाटलं. मोतीराम दारापाशी उभा होता, हात पाठीमागं. तुला मी माय म्हणून माहीत होते, त्यांना मी पारूबाई म्हणून माहीत होते, आणि त्या सगळ्यात माझ्या हातात ट्रे.

मी तुझा कप तुझ्यापुढं ठेवला.

तू वर बघितलंस. तुझ्या डोळ्यात मी दिसले, ते मला दिसलं. मग तू म्हणालास, "थँक्यू, मावशी."

एक घोट घेतलास आणि साहेबांना म्हणालास, "साखर जरा जास्त आहे."

साहेब म्हणले, "पारूबाईंचा हात मोठा आहे," आणि दोघं हसलात. मी पण हसले. काय करते.

मला बाहेर जायला पाहिजे होतं. पण मी रिकामे ग्लास गोळा करायला लागले. साहेबांनी विचारलं ते मी ऐकलं. "मग मिस्टर हिवरकर, नक्की कुणाच्या मेसेजनं थांबलं, सांगता येईल का?"

मोतीराम खाली बघत होता. मी तुझ्याकडं बघत होते. तुला एवढंच म्हणायचं होतं, पहिला कोण होता ते विचारा. मोतीरामला विचारायला तू तोंड फिरवलं असतंस ना, तर त्या माणसानं सांगितलं असतं. तो सांगायलाच उभा होता. आपणहून बोलायची हिंमत नव्हती, पण विचारलं तर खोटं बोलला नसता. मला त्याच्या फरशी उकरणाऱ्या पायाच्या बोटावरून कळत होतं.

तू म्हणालास, "सांगता येणार नाही सर. मशीन तेवढं लक्षात ठेवत नाही."

मशीन नसंल ठेवत.

साहेब माझ्याकडं वळून म्हणले, "अजून काही आहे का पारूबाई?"

बन्सी, तवा माझ्या जिभेवर होतं सगळं. तुझं नाव, बाचं नाव, नळ, हंडी. एक शब्द काढला असता तर तुझं ते घासलेलं आडनाव गळून टेबलावर पडलं असतं. पण त्यानं चंपाची नोकरी वाचली असती का? म्हणले असते, भाऊच निघाला, म्हणून तिची बाजू घेतो. तुझं गेलं असतं आणि तिचं आलं नसतं. एवढं माझ्यासारख्या अडाण्याला पण कळलं.

मी म्हणलं, "नाय साहेब."

मग तू बाहेर येऊन चंपाच्या मशीनवर बसलास. तिनं खुर्चीवर घरची गोधडी घडी करून ठेवली होती, जुन्या लुगड्याची, तुझ्याच पाळण्यातली, घर जळालं तवा चंपाभोवती गुंडाळलेली. ती तू उचललीस, बघितलीस, आणि खिडकीत नीट ठेवलीस. टाकली नायस. मग बटणं दाबत राहिलास आणि निरोप बंद करून टाकलेस, सगळ्यांचे. आता कुणाच्या खालच्या ओळीत काही येत नाय.

जाताना गाडीत बसायच्या आधी तू कॅन्टीनच्या खिडकीकडं बघत उभा राहिलास. सुगंधाबाई म्हणली, "हा पुण्याचा साहेब कुणाला शोधतो गं?"

मी म्हणलं, "पाणी पाहिजे असंल."

ती खरंच तांब्या घेऊन निघाली. तेवढ्यात गाडी गेली.

चंपाचं पत्र आलं, काढून टाकल्याचं. गैरवर्तन असं लिहिलंय. गुलमंडीवर एका झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागलीय आता, उभ्यानं काम, संध्याकाळी पाय सुजतात. बा तिच्या पायाला तेल लावतो. तू आलतास हे मी घरी सांगणार नव्हते. पण मोतीराम दुकानात कागद काढायला गेला आणि पुण्याचा हिवरकर आला होता असं तिला बोलून बसला.

ती घरी आली, चप्पल काढली, आणि मला विचारलं, "दादा बरा दिसत होता का?"

मी म्हणलं, "भरलाय अंगानं."

"माझ्या खुर्चीवर बसला होता?"

"व्हय. गोधडी नीट ठेवली."

ती म्हणली, "बरं." मला वाटलं होतं भांडंल, रडंल, तर मला पण रडायला जमलं असतं.

मी आता किटली घेऊन पहिल्यासारखी टेबलाटेबलाला फिरते. चहा घ्या, चहा घ्या. साहेब लोकं मशीनमधनं मान वर काढत नायत, निवून जातो चहा. काल मोठे साहेब म्हणले, "पारूबाई, तो मेसेज होता ते बरं होतं नाही?" मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या ध्यानात पण नाय.

मी ह्यापुढं काही मागणार नाय. तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग, कुणाचा म्हणून सांगायचं ते तुझं तू बघ.

ह्या पत्राचं पाकीट मी चंपाला पत्ता लिहायला दिलं. तिनं पुढच्या बाजूला तुझं इंग्रजीत लिहिलं, श्री बन्सी हिवरकर. मग मी सांगितलं नसताना तिनंच पाकीट उलटं केलं आणि मागं मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. पाठवणार, पारूबाई सांडू हिवराळे, भीमनगर, भावसिंगपुरा.

मी खोडायला पेन घेतलं होतं. ती समोर बसून सुजलेले पाय चोळत होती, माझ्याकडं बघत पण नव्हती.

नाय खोडलं.

तुझी माय